माझा आकडा आणि अक्काचा आकडा

नोव्हेंबर २०२२ मधल्या एका शुक्रवारी पहाटे तीनच्या सुमारास माझ्या उजव्या कुशीत कळ उठली. ती कमरेतून निघून जांघेपर्यंत उतरत होती आणि उभे राहिले तरी, बसले तरी, आडवे झाले तरी सुटत नव्हती. आमचे गाव तासगाव तालुक्यात, द्राक्षबागांच्या पट्ट्यात आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला गणित आणि विज्ञान शिकवते आणि माझे यजमान बाग पाहतात. गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिले, मुतखडा असावा असे सांगितले आणि सांगलीला दाखवायला सांगितले. आठ वाजता आम्ही सांगलीतल्या एका खासगी रुग्णालयात होतो. तिथल्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिले, लघवीची तपासणी, पोटाचा एक्स-रे आणि सीटी स्कॅन लिहून दिले आणि शेजारच्या सेंटरमध्ये पाठवले.

त्या सेंटरमधली वीस मिनिटे मी पुढे इतक्या वेळा आठवली आहेत की त्यातला प्रत्येक तपशील मला पाठ आहे. खिडकीवर साडेतीन हजार रुपये भरले. इंग्रजीत छापलेल्या एका कागदावर सही करायला सांगितले, ती मी वेदनेच्या भरात न वाचता केली. दागिने काढायला सांगितले, झोपायला सांगितले, श्वास रोखायला सांगितले. वय विचारले, वजन विचारले, कुठल्या औषधाची अॅलर्जी आहे का तेही विचारले. शेवटची पाळी कधी आली होती, हे मात्र कोणीही विचारले नाही. ती सहा-सात दिवस पुढे गेली होती. माझी पाळी नेहमीच मागेपुढे होत असे, त्यामुळे माझ्याही मनात काही आले नाही. पण कोणी विचारले असते तर मी तारीख सांगितली असती, आणि ती सांगताना मला स्वतःलाही थांबावेसे वाटले असते.

त्या सेंटरच्या भिंती मी नंतर शांतपणे पाहिल्या. सोनोग्राफीच्या दारावर गर्भलिंगनिदान होत नाही आणि तो गुन्हा आहे, हे सांगणारा फलक ठळक मराठीत होता, कारण १९९४ च्या कायद्याने तो लावावाच लागतो. सीटीच्या दाराशेजारी गर्भवती स्त्रियांसाठीची सूचना होती, पण ती इंग्रजीत होती, वहीच्या पानाएवढी होती आणि दार उघडले की दारामागे जात होती.

सीटीमध्ये उजव्या मूत्रवाहिनीत चार मिलिमीटरचा खडा स्पष्ट दिसला. औषधे आणि भरपूर पाणी घेण्याचा सल्ला मिळाला आणि चौथ्या दिवशी खडा आपोआप पडला. तिथे ही गोष्ट संपायला हवी होती. नवव्या दिवशी मी घरी चाचणी केली, तेव्हा पट्टीवर दोन रेघा आल्या. लग्नाला पाच वर्षे झाली होती आणि हे आमचे पहिलेच मूल होते. यजमानांना सांगताना माझा आवाज फुटत नव्हता, आणि त्याच क्षणी आम्हा दोघांनाही ते यंत्र आठवले.

तालुक्याच्या ठिकाणी ज्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे आम्ही गेलो, त्यांनी फाइल उघडली, सीटीचा अहवाल पाहिला आणि म्हणाल्या, "पोटाचा सीटी झालाय. रिस्क घेऊ नका. आत्ताच खाली करून घेतलेलं बरं. तुम्ही तरुण आहात, पुढच्या वेळी बघू." मी विचारले, "किती किरण गेले असतील?" त्या म्हणाल्या, "किती म्हणजे? सीटी म्हणजे सीटी." पुढच्या बुधवारची वेळही त्यांनी लिहून दिली.

त्यांचा हेतू वाईट होता असे मला तेव्हा वाटले नाही आणि आजही वाटत नाही. व्यंग असलेले मूल जन्माला आले तर आपल्याला दोष लागेल, ही भीती डॉक्टरांनाही असते, आणि गर्भ काढून टाकला की ती भीतीही संपते. पण मी वर्गात मुलांकडून 'जास्त' किंवा 'कमी' असे उत्तर घेत नाही. किती, आणि कशाच्या तुलनेत, हे त्यांना लिहावे लागते. माझ्या स्वतःच्या मुलाच्या बाबतीत 'सीटी म्हणजे सीटी' हे उत्तर मी कसे घ्यावे? त्या रात्री घरात कोणी फारसे बोलले नाही. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, देवापाशी बसून होत्या. यजमान एवढेच म्हणाले, "डॉक्टर सांगतात तर..." आणि वाक्य तसेच सोडून बागेकडे निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून पुन्हा त्या सेंटरवर गेले आणि माझ्या स्कॅनमध्ये किरणांची किती मात्रा दिली गेली, त्याची नोंद मागितली. खिडकीवरच्या मुलीने "रिपोर्ट दिलाय की तुम्हाला" असे उत्तर दिले. मी पुन्हा विचारले, तेव्हा व्यवस्थापकांना बोलावले गेले आणि त्यांनी असा काही कागद नसतो असे सांगितले. मी बाकावर बसून राहिले. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत एक तरुण तंत्रज्ञ बाहेर आला, माझ्याशेजारी उभा राहून हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, प्रत्येक स्कॅनच्या शेवटी यंत्र स्वतःच एक पान तयार करतं. त्यावर सगळे आकडे असतात. तुमच्या सीडीत पण असेल." त्याने आत जाऊन ते पान छापून आणून दिले. त्यावर दोन आकडे महत्त्वाचे होते. सीटीडीआयव्हॉल ९.२ मिलीग्रे (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) होता. म्हणजे ज्या भागाचे स्कॅन झाले, त्या भागात यंत्राने सरासरी किती मात्रा दिली त्याचे माप. डीएलपी ४१२ होता. म्हणजे त्या मात्रेला स्कॅन केलेल्या लांबीने गुणून येणारे माप.

ते पान हातात धरून एसटी स्टँडकडे चालताना मला करोनाचे दिवस आठवले. २०२० आणि २०२१ मध्ये आमच्या गावात घरटी कोणीतरी छातीचा एचआरसीटी करून आले होते. ज्याला त्याला पंचवीसपैकी आपला स्कोअर किती आला हे तोंडपाठ होते, आणि सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने यंत्राच्या क्षमतेनुसार दोन ते तीन हजार रुपये असे दर ठरवून दिल्यावर स्कॅनची किंमतही पाठ झाली होती. पण मात्रेचा आकडा मी एकाच्याही तोंडून ऐकला नव्हता. तो प्रत्येकाच्या स्कॅनमध्ये साठवलेला होता. अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को भागातल्या चार रुग्णालयांची २००९ मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी मी नंतर वाचली. त्यात एकाच प्रकारच्या सीटीची सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त मात्रा यांत सरासरी तेरा पटींचा फरक आढळला होता. 'सीटी म्हणजे सीटी' हे वाक्य किती पोकळ आहे, ते तेव्हा मला कळले.

आकडा मिळाला, पण त्याचा अर्थ सांगणारा माणूस हवा होता. इथे माझे नशीब म्हणा किंवा ओळखपाळख म्हणा, कामाला आली. माझा मावसभाऊ मिरजेत औषधांच्या व्यवसायात आहे. ज्या रुग्णालयांत कर्करोगावर रेडिएशनचे उपचार होतात, तिथे मात्रेचे गणित करणारे मेडिकल फिजिसिस्ट असतात, हे त्याला माहीत होते. मिरज हे वैद्यकीय उपचारांचे जुने गाव आहे. मिशनरी डॉक्टर विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये तिथे मिशनचे रुग्णालय सुरू केले आणि पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १८९५ मध्ये, जर्मनीत राँटजेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. आजही सीमेपलीकडच्या कर्नाटकातून माणसे उपचारांसाठी मिरजेला येतात. भावाने दोन फोन केले आणि शनिवारी अशाच एका तज्ज्ञांसमोर मी माझे पान ठेवले.

त्यांनी आधी आकड्याकडे पाहिलेच नाही. शेवटच्या पाळीची तारीख विचारली, उंची आणि वजन विचारले, एक्स-रेच्या किती फिल्म काढल्या ते विचारले. मग कागद पुढे ओढून त्यांनी गणित मांडले. यंत्राचा आकडा प्रमाण आकाराच्या प्लॅस्टिकच्या दंडगोलावर मोजलेला असतो. माझ्यासारख्या सडपातळ व्यक्तीत आतपर्यंत पोहोचणारी मात्रा त्याहून थोडी जास्त निघते. सीटीचे सुमारे १२ मिलीग्रे आणि पोटाच्या एक्स-रेचे दीड असे साडेतेरा झाले. अंदाजात चूक असू शकते म्हणून त्यांनी पंधरा धरले आणि त्या आकड्याभोवती गोल काढला.

मग त्यांनी तो पंधराचा आकडा कशाशी ताडून पाहायचा ते सांगितले. किरणोत्सारापासून संरक्षणाविषयी जगभर ज्यांचा शब्द मानला जातो, त्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २००० मध्ये गर्भारपण आणि वैद्यकीय किरणोत्सार या विषयावर स्वतंत्र मार्गदर्शन प्रसिद्ध केले. गर्भाला मिळालेली मात्रा १०० मिलीग्रेच्या आत असेल, तर केवळ किरणोत्साराच्या कारणावरून गर्भपात करणे समर्थनीय नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. अवयव घडण्याच्या काळात व्यंग निर्माण होण्यासाठी साधारण शंभर आणि त्यापुढची मात्रा लागते. मेंदूवरचा परिणाम हिरोशिमा आणि नागासाकीतल्या मुलांमध्ये दिसला, तो मुख्यतः गर्भधारणेनंतरच्या आठव्या ते पंधराव्या आठवड्यातला आणि माझ्या मात्रेच्या कितीतरी पटींचा होता. माझा गर्भ स्कॅनच्या दिवशी जेमतेम तीन आठवड्यांचा होता.

"म्हणजे काहीच धोका नाही?" असे यजमानांनी विचारले. "असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले, आणि त्यांच्या या उत्तरामुळेच माझा त्यांच्यावर विश्वास बसला. इंग्लंडमध्ये अॅलिस स्टुअर्ट या डॉक्टर बाईंनी १९५० च्या दशकात कर्करोगाने दगावलेल्या मुलांच्या आयांना भेटून, गर्भारपणात काय काय झाले हे त्यांना विचारले होते. ज्यांच्या पोटाचे एक्स-रे गर्भारपणात निघाले होते, त्यांच्या मुलांत कर्करोगाचे प्रमाण जास्त निघाले. त्यांच्या निष्कर्षावर पुष्कळ वर्षे वाद झाला, पण गर्भवतीचे एक्स-रे सर्रास काढण्याची पद्धत हळूहळू थांबली. कर्करोगाच्या बाबतीत म्हणूनच अमुक मात्रेच्या खाली धोका शून्य, असे मानले जात नाही; मात्रा कमी तसा धोका कमी, असे धरले जाते. मग तज्ज्ञांनी कागदावर दोन ओळी लिहिल्या. जादा किरण न मिळालेल्या शंभर गर्भांपैकी जन्मजात व्यंगाशिवाय जन्मणारी मुले ९७ असतात, आणि बालपणात कर्करोग न होण्याची शक्यता ९९.७ टक्के असते. १० मिलीग्रे मात्रा मिळाली तर पहिला आकडा ९७ च राहतो आणि दुसरा ९९.६ होतो.

तो कागद मी जपून ठेवला आहे. या दोन ओळींनी मला जितके शांत केले, तितकेच गंभीरही केले. शंभरात तीन मुले कसलेही जादा किरण न मिळता व्यंग घेऊन जन्मतात, हे मला माहीत नव्हते. माझे मूल त्या तिघांत निघाले असते, तर सगळ्या गावाने आणि कदाचित मीही आयुष्यभर त्या स्कॅनला दोष दिला असता. शेवटी ते म्हणाले, "मी गणित सांगितलं. निर्णय तुमचा आहे आणि कायद्यानंही तो तुमचाच आहे. फक्त तो खऱ्या आकड्यावर घ्या." त्यांनी लेटरहेडवर मात्रेचा अंदाज लिहून सही केली आणि मिरजेतल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटायला सांगितले. त्या बाईंनी ते पत्र दोनदा वाचले, सोनोग्राफी करून दिवसांची खात्री केली आणि आम्ही गर्भ ठेवला. पुढच्या बुधवारची ती वेळ मी फोन करून रद्द केली.

जुलै २०२३ मध्ये मुलगी झाली. ती सुदृढ आहे, पण तिच्या सुदृढ असण्याला मी पुरावा म्हणून इथे मांडत नाही. निर्णय डिसेंबरमध्ये झाला होता आणि तो त्या कागदावर झाला होता.

आता अक्काविषयी लिहायला हवे, कारण हे सगळे लिहायला मी तिच्यामुळे बसले आहे. ती आमच्या बागेत छाटणीला, विरळणीला आणि घड बुडवायला येणाऱ्या टोळीतली आहे. माझ्याहून चार वर्षांनी मोठी आहे; मी तिला अक्का म्हणते आणि ती मला बाई म्हणते. मला दिवस गेल्याचे आणि मधे डॉक्टरांनी खाली करायला सांगितल्याचे तिच्या कानावर गेले होते. माझे पोट दिसू लागले तेव्हा, फेब्रुवारीत, माल काढणीच्या दिवसांत, ती दुपारी भाकरी खाऊन झाल्यावर माझ्यापाशी येऊन बसली. २०१९ मध्ये तिला तीन आठवडे खोकला होता म्हणून आरोग्य केंद्रातून तिला छातीचा फोटो काढायला पाठवले होते. आमच्याकडे एक्स-रेला फोटोच म्हणतात. क्षय निघाला नाही. पण तेव्हा तिला दोन महिने झाले होते, आणि हे कळल्यावर तिला एका दवाखान्यात सांगण्यात आले की फोटो काढला आहे, मूल वेडेवाकडे होईल, खाली कर. मुकादमाकडून उचल घेऊन तिने ते करून घेतले. त्यानंतर तिला दिवस राहिलेले नाहीत.

"बाई," ती म्हणाली, "तुमाला त्या मिरजंच्या सायबानं आकडा काढून दिला म्हनं. मग माजा किती हुता?"

मला तो आकडा माहीत होता. त्या शनिवारी मिरजेत तज्ज्ञांनी मला तुलनेसाठी एक तक्ता दाखवला होता, आणि छातीच्या एक्स-रेची ओळ त्यात पहिलीच होती. छातीचा फोटो काढताना किरण छातीवर पडतात. गर्भाशयापर्यंत पोहोचते ती मात्रा ०.०१ मिलीग्रेहून कमी असते. गर्भ नऊ महिन्यांत जमिनीतून, हवेतून आणि आईच्या शरीरातून निसर्गतःच याच्या कितीतरी पट किरणोत्सार घेतो. माझा आकडा तिच्या आकड्याच्या हजारपटीहून मोठा होता. माझे मूल पोटात होते आणि तिचे गेले होते.

मी लगेच उत्तर देऊ शकले नाही. सांगितले, तर चार वर्षांनी तिच्या दुःखावर आणखी एक दुःख ठेवल्यासारखे होणार होते. न सांगितले, तर आपल्या शरीरात काहीतरी विषारी गेले होते आणि त्यामुळे मूल गेले, हे ती जन्मभर मानत राहणार होती. आणि याच समजुतीमुळे तिने मधल्या काळात नवऱ्यालाही खोकला असताना फोटो काढू दिला नव्हता, हे मला ठाऊक होते. 'तिला काय कळणार' किंवा 'आता काय उपयोग' असे म्हणून गप्प बसणे, हे तर तिच्या बाबतीत आधीच सगळ्यांनी केले होते. मी बागेतल्या मातीवर काडीने दोन रेघा ओढल्या. एक वितीएवढी ओढली आणि म्हटले, ही माझी. दुसरी ओढताच येईना. काडीचे टोक नुसते टेकवले आणि म्हटले, ही तुझी, खरे तर याहून पुष्कळ लहान. ती त्या ठिपक्याकडे बघत राहिली. मग पदराने तोंड पुसून उठली आणि क्रेट भरायला गेली. त्या दिवशी ती माझ्याशी आणखी काही बोलली नाही.

हे एकट्या अक्काचे झाले असे नाही. १९८६ मध्ये सोव्हिएत संघातल्या चेर्नोबिल अणुवीज केंद्रात अपघात झाल्यावर ग्रीससारख्या दूरच्या देशात पोहोचलेली मात्रा अगदी थोडी होती. तरीही त्या काळात राहिलेल्या सुरुवातीच्या गर्भांपैकी सुमारे २३ टक्के भीतीपोटी काढून टाकले गेले, असा अंदाज तिथल्या संशोधकांनी दुसऱ्याच वर्षी मांडला. अडीच हजारांच्या आसपास हव्या असलेल्या गर्भांची ती गोष्ट होती. मला भीती वाटते ती आपल्याकडच्या अशा गर्भांची, कारण त्यांची कुठेही वेगळी नोंद होत नाही. गर्भपाताचा १९७१ चा कायदा आणि त्यातली २०२१ ची दुरुस्ती यांनी स्त्रीला जो अधिकार दिला, तो मला मोलाचा वाटतो. पण ज्या बाईला हे मूल हवे होते, तिच्याकडून चुकीच्या माहितीवर होकार घेतला, तर तो तिचा निर्णय कसा म्हणायचा?

अन्याय नेमका कुठे झाला, याचा मी पुष्कळ विचार केला. यंत्र तिच्या वाट्याला आले नाही असे झाले नाही. फोटो तिलाही मिळाला आणि तो काढणे योग्यच होते, कारण क्षय अंगावर राहिला असता तर तिला आणि बाळालाही धोका त्याचाच जास्त होता. माझ्या बाबतीत उलट झाले. पैसे भरण्याची ऐपत होती म्हणून आधी सोनोग्राफी, जिच्यात असे किरण नसतातच, ती न करता थेट सीटी लिहून दिला गेला. मुतखड्याची शंका असलेल्या २,७५९ रुग्णांवर अमेरिकेत केलेली एक चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. आधी सोनोग्राफी केलेल्यांना एकूण किरण कमी मिळाले आणि गंभीर आजार निसटण्याचे प्रमाण काही वाढले नाही. मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीसाठी तर आधी सोनोग्राफी हा मार्ग उघडच होता. म्हणजे गरजेपेक्षा जास्त किरण माझ्या वाट्याला आले आणि अर्थ सांगणारा माणूसही माझ्याच वाट्याला आला. रजा टाकता येणे, बाकावर बसून राहण्याची हिंमत असणे, इंग्रजी आकडे वाचता येणे आणि मिरजेत मावसभाऊ असणे, या चार गोष्टींवर माझ्या मुलीचा जन्म अवलंबून होता. अक्काचा रोज बुडाला असता तर त्या दिवशीची चूल पेटली नसती. तिने कुठल्या बाकावर बसून राहायचे होते?

मुलगी सहा महिन्यांची झाल्यावर मी त्या स्कॅन सेंटरला पत्र लिहिले. भारतात एक्स-रे आणि सीटीची यंत्रे चालवायला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो, आणि परवानाधारकाकडे सुरक्षेची जबाबदारी असलेली व्यक्ती नेमलेली असते. त्या व्यक्तीच्या नावे मी पत्र दिले. तीन मागण्या केल्या. गर्भारपणाविषयीचा फलक मराठीत आणि दाराबाहेर लावावा. मूल होण्याच्या वयातल्या प्रत्येक स्त्रीला स्कॅनआधी शेवटच्या पाळीची तारीख विचारून ती लिहून ठेवावी. आणि मात्रेचे पान अहवालासोबत न मागता द्यावे. उत्तर आले नाही. दोन महिन्यांनी मी गेले तेव्हा मात्र फलक मराठीत होता आणि सोनोग्राफीच्या फलकाएवढा मोठा होता. तारखेसाठी अर्जात एक रकानाही आला होता. मात्रेचे पान अजूनही मागावेच लागते. मी शाळेतल्या सहकाऱ्यांना ते मागायला सांगते, आणि ज्यांचे सीटी होतात त्यांच्या फाइलला त्या पानाची एक प्रत लावायला सांगते, म्हणजे पुढच्या डॉक्टरला आधीचा हिशेब दिसतो.

गेल्या हिवाळ्यात अक्काला पुन्हा खोकला लागला. आशाताईंनी फोटो काढून यायला सांगितले. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाई, ठिपक्याएवढाच न्हवं?" मी हो म्हटले. "मग चला," ती म्हणाली.

आम्ही सरकारी रुग्णालयात गेलो. रांगेत पंधरा-वीस माणसे होती, बहुतेक पुरुष होते, त्यांत आमच्याच गावचे दोघे होते. खिडकीतल्या कर्मचाऱ्याने अक्काचा केसपेपर घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, "पाळी कधी आली होती? दिवस गेलेत का?" ज्या प्रश्नासाठी मी पत्र लिहिले होते, तोच प्रश्न होता. अक्काने मान खाली घातली आणि "न्हाई" म्हणाली. तारीख तिने सांगितली नाही आणि त्यानेही पुन्हा विचारली नाही. 'नाही' असे लिहून त्याने कागद पुढे सरकवला. मी खिडकीशी जाऊन त्याला विनंती केली की हे आत विचारा, बाईमाणूस रांगेत कसे सांगेल? तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला, मग त्याने आतल्या नर्सताईंना हाक मारली. पडद्यामागे नर्सताईंनी पुन्हा विचारले, तेव्हा अक्काने बोटांवर मोजून तारीख सांगितली. अकरावा दिवस होता. नर्सताईंनी ती तारीख कागदावर लिहिली, आधीचे 'नाही' खोडले, आणि अक्का फोटो काढायला आत गेली.